उलीसं खाऊन सांग

मी जेवले का, हे घरात सगळे विचारतात. जेवण कसं लागलं, हे विचारणारं एकच माणूस होतं, ते गेलं. ते म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्याबाई, म्हणून इथेही तसंच लिहिते.

मामांच्या आधीचं माझं ताट आणि नंतरचं ताट शेजारी ठेवलं, तर ते एकाच बाईचं आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझं माहेर जालन्याचं. तिथे लग्न होईपर्यंत मी पोळी, साधं वरण-भात, जिऱ्याच्या फोडणीचा बटाटा, दही-साखर आणि केळं यांच्यावर जगले. पालेभाजी नाही, वांगं नाही, भेंडी तर नजरेसमोरसुद्धा नाही. भाकरी घशाला ओरखडते म्हणून ती नाही. वरणात चुकून कांद्याचा तुकडा दिसला तर अख्खी वाटी बाजूला. पंगतीत मी पोळी आणि बुंदी खाऊन उठायचे आणि घरी आल्यावर बिस्किटांचा पुडा फोडायचे. आई म्हणायची, "हिला उजवली की हिच्यामागं बटाट्याचं पोतं धाडावं लागतं बघ."

पाहुणे आले की चहाबरोबर माझ्या खाण्याचा विषय निघायचाच. कुणी म्हणायचं, लाडावून ठेवलीय. कुणी म्हणायचं, एक दिवस उपाशी ठेवा, दगडसुद्धा खाईल. ठेवलं होतं एकदा उपाशी. दगड काही खाल्ला नाही, पित्त मात्र झालं.

न खाणाऱ्या माणसाला लोक माजलेलं समजतात. खरं तर ते घाबरलेलं असतं. अनोळखी घास तोंडात गेला की माझी जीभ आत ओढली जायची, कान गरम व्हायचे, आणि आता हा गिळला जाणार नाही, थुंकताही येणार नाही, सगळे बघताहेत, एवढंच डोक्यात उरायचं. चव बिव कळायच्या आधीच सगळा कारभार आटोपायचा. हे कुणाला समजावून सांगायची सोय नव्हती. मग नखरेल म्हणवून घेणं सोपं वाटायचं, निदान त्यात थोडा तोरा तरी होता.

मला बघायला आले तेव्हा मामांनी पहिल्यांदा ते पाहिलं. पोह्यांच्या बशा देऊन झाल्यावर कुणीतरी मलाही बशी दिली. मी खाली मान घालून कांदा वेचत होते. मला वाटलं, कुणाचं लक्ष नाही. मामा म्हणाले, "कांदा चालत न्हाई काय?" मी "नाही" म्हणाले. आईनं असे डोळे वटारले की मी उरलेला कांदा बशीच्या कडेखाली लपवला. मामा हसत म्हणाले, "आमच्याकडं कांद्याबिगर फोडणी बसत न्हाई. पण बटाटाबी भेटतो भोकरदनला."

भोकरदनला घर आणि गावाबाहेर शेत, असं ते कुटुंब. मी तिथल्याच शाळेत शिकवायला लागले. नवरा जालन्याला एका बियाण्यांच्या कंपनीत, बसनं ये-जा करणारा. घरात दिवसभर आत्याबाई आणि मामा. आत्याबाई मोजकं बोलणाऱ्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी एक छोटी कढई वेगळी काढली. तिच्यात रोज बटाटा. कधी भांडं आपटलं नाही, कधी टोमणा मारला नाही. पण ती वाटी माझ्यापुढे ठेवताना त्या दुसरीकडे बघायच्या, आणि ते मला टोमण्यापेक्षा जास्त लागायचं.

मामा मात्र खाण्यातला दर्दी माणूस. बाजाराच्या दिवशी स्वतः पिशवी घेऊन जायचे. वांगी कुणाच्या शेतातली हे देठ बघून सांगायचे. लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी असते, भाजून दळलेल्या धान्या-मसाल्यांची, ती ओरपली की येसर कुणाच्या घरी कांडला असेल यावर त्यांची पैज लागायची. जांब समर्थला दर्शनाला जाऊन आले की देवाचं कमी आणि वाटेत कुणाच्या तरी मळ्यात खाल्लेल्या पिठल्याचं जास्त सांगायचे. आत्याबाई म्हणायच्या, "देवळात गेल्ते का खानावळीत गेल्ते?" मामा म्हणायचे, "देवानंच तोंड दिलं न्हवं."

त्याच तोंडाला ते दुखणं लागलं. घशात गाठ निघाली. संभाजीनगरला शेक घ्यावे लागले. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात, म्हणजे गुडघ्याला देतात तसं काहीतरी किरकोळ वाटतं. शेक संपले, गाठ बसली म्हणाले, मामा घरी आले. अंगानं अर्धे झाले होते. तोंडाला थुंकी सुटत नव्हती आणि चव पार गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, येईल हळूहळू, काही महिने लागतील, काहींना पूर्ण येत नाही.

मामा म्हणायचे, "वास येतो मला. पण तो तोंडापर्यंत पोचतच न्हाई. तोंडात समदी माती हाय."

पातळ पेज, दूध, ताकात कालवलेला मऊ भात, एवढंच त्यांना जायचं. तरीही जेवायला ते सगळ्यांबरोबरच बसायचे. आमची ताटं बघत बसायचे. मला तेव्हा फार अवघड व्हायचं. ज्याला सगळं हवं त्याला काहीच लागत नाही आणि जिला सगळं मिळतं ती बटाटा खातेय.

एका रविवारी आत्याबाईंनी वांग्याचं भरीत केलं होतं. वांगी अंगणातल्या चुलीत भाजलेली, घरभर वास. मामांनी मुलाला विचारलं, "कसं झालंय?"

"चांगलंय," नवरा म्हणाला. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये.

"तुम्ही सांगा," मामा आत्याबाईंना म्हणाले.

"रोजच्यावानी हाय. काय सांगू त्यात?"

मग मामा माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू सांग."

"मामा, मी वांगं खात नाही ना."

"म्हून तर तुला म्हणून राह्यलो. ह्यांच्या जिभेला सवय झाली. ह्यांना चव लागतच न्हाई आता, नुसतं पोट भरतं. ज्यानं कधी खाल्लंच न्हाई, त्यालाच बराबर कळंल. उलीसं खा. अन् मला सांग."

उलीसं म्हणजे इवलंसं, चिमटीत मावेल एवढं. "जरा खाऊन बघ", "एकच घास", "आमच्यासाठी" असं मला आयुष्यभर शेकडो लोकांनी म्हटलं होतं, आणि ते सगळे माझ्या भल्यासाठी म्हणत होते. मामा पहिलेच, ज्यांना माझ्या भल्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना भरीत हवं होतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांना ते मिळालं नसतं.

मी पोळीच्या कोपऱ्यावर भरीत घेतलं. जीभ आत ओढली गेली, कान गरम झाले, सगळं नेहमीसारखं. पण मामा वाट बघत होते, आणि सांगायचं तर घास तोंडात ठेवावाच लागणार होता.

"धूर," मी म्हणाले. "आधी धूर लागतो."

"मंग?"

"मग... गोड आहे."

"गोड म्हणली?" ते पुढे सरकले. "बराबर. वांगं भाजलं की गोड होतं. ह्यांना कुणालाच ठावं न्हाई. मंग?"

"लसूण. मधेच लागतो. मागे तिखट आहे, गिळल्यावर. आणि ते बुळबुळीत लागतंय, मामा, मला ते नाही आवडत."

"आवडतं का न्हाई ते कुणी विचारलं? मिरची कुठं बसली? जिभेच्या शेंड्याला का घशात?"

"घशात."

मामांनी डोळे मिटले आणि रिकाम्या तोंडानं एक घोट गिळला. नवऱ्यानं मोबाइल खाली ठेवला होता. आत्याबाई तव्याकडे तोंड करून बसल्या होत्या आणि भाकरी करपत होती.

तिथून आमचा तो उद्योग सुरू झाला. शाळेतून आले की मामा दारापुढच्या ओट्यावर बसलेले असायचे. "आज काय हाय, ठावं हाय का?" करडईची भाजी. चुक्याचं वरण. धपाटे. कारळाची चटणी. मी उलीसं खायचे आणि सांगायचे. मामांनी "चांगलं" या शब्दावर बंदी घातली. "चांगलं म्हणजे काहीच न्हाई. कारभारी पाव्हण्याला म्हणतात तसलं झालं ते." आंबट म्हटलं की विचारायचे, ताकासारखं, चिंचेसारखं का कैरीसारखं? कडू म्हटलं की विचारायचे, मेथीचं का कारल्याचं? मी मराठी शिकवते, पण तुरट, कडसर, गुळमट, खमंग, खरपूस, उग्र, पिठूळ हे शब्द मला तोवर शुद्धलेखनापुरतेच माहीत होते. ते प्रत्येक वेगळे लागतात, हे त्या ओट्यावर कळलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. अंबाडीची भाजी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मी मोरीकडे पळाले. परत आले तर मामा गंभीरपणे म्हणाले, "बाहेर येताना कशी लागली?" मी रडता रडता हसले. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी तीच अंबाडी ज्वारीच्या कण्यांत शिजवून वर लसणाचं तेल ओतून पुढे ठेवली. काही बोलल्या नाहीत. ती मला गेली. पुढच्या महिन्यात मी ती मागून घेतली. तेव्हाही त्या काही बोलल्या नाहीत, पण वाटी ठेवताना माझ्याकडे बघितलं.

छोटी कढई कधी बंद झाली ते मला नीटसं आठवत नाही. एक दिवस ती माळ्यावर दिसली.

शेजारी कापडाचे मारवाडी व्यापारी राहतात, पिढ्यान्‌पिढ्या भोकरदनचेच, मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलणारे. त्यांच्याकडच्या काकींना आमचा उद्योग कळला तेव्हा त्यांनी डब्यातून केर-सांगरी पाठवली, राजस्थानातून वाळवून येणारी भाजी, बारीक शेंगा आणि फळं. मी मोठ्या उत्साहानं खाल्ली आणि सांगायला बसले. आंबट आहे, पण आमचूरसारखं. मग थोडी तुरट, मग लोणच्याच्या तेलासारखी. दाताखाली किंचित चिवट.

मामा ऐकत होते, पण चेहरा हलत नव्हता. "मंग?" सुद्धा म्हणाले नाहीत. मी थांबले.

"न्हाई आली," ते म्हणाले. "मी कधी खाल्लीच न्हाई ती. शेजार इतक्या वर्षांचा, पण आमचं तोंड आमच्याच चुलीकडं. तू सांगतीस तवा मला आठवतं, म्हून चव येती. जे खाल्लं न्हाई ते आठवंल कसं?" मग म्हणाले, "ह्या एका गोष्टीत तू माझ्या म्होरं गेलीस."

ते हसत बोलले, पण ते मला कित्येक दिवस काही सुचू देईना. तोवर मला वाटत होतं की मी त्यांना खाऊ घालतेय. मी फक्त दार वाजवत होते, आत जे साठलेलं होतं ते त्यांचं त्यांच्याकडे होतं. आणि माझ्याकडे तसं साठलेलं काहीच नव्हतं, बटाट्याशिवाय. त्या दिवसापासून मी घाईनं खायला लागले. पुढे कुणी मला विचारलं तर आठवायला काहीतरी असावं, असं वाटायला लागलं होतं.

पावसाळा संपत आला तेव्हा मामांनी आंबेचं काढलं. आंब म्हणजे हरभऱ्यावरचं आंबट पाणी. हरभऱ्याच्या पानांना बारीक लव असते, तिच्यातून ते सुटतं आणि थंडीत दवात मिसळतं. पूर्वी बायका संध्याकाळी हरभऱ्यावर पातळ फडकं अंथरून यायच्या आणि सकाळी ते वाटीत पिळून घ्यायच्या. पोटदुखीला द्यायच्या, कालवणात घालायच्या. आता कुणी करत नाही.

"माझी माय करायची," मामा म्हणाले. "आम्ही पोरं फडक्याला जीभ लावायचो. ती धपाटा घालायची पाठीत. ती चव बाजारात न्हाई भेटत, घरात न्हाई भेटत. बाकी समदं तू सांगितलंस. तेवढी एक राह्यली."

"कशी लागते?" मी विचारलं.

"वा गं! ते तू मला सांगायचं."

मग थंडीची वाट बघणं सुरू झालं. हरभरा पेरला. नवरा शेतातून आला की मामा विचारायचे, उगवला का? मी रविवारी जायचे आणि येऊन सांगायचे, चार-चार पानं झालीत, रोपं वितीएवढी झालीत. ते म्हणायचे, अजून दम धर, फुलोरा लागला की आंब जोरात सुटते. त्यांचा स्वतःचा दम मात्र कमी होत चालला होता. दुखणं पुन्हा उलटलं होतं, हे आम्हाला कळलं होतं आणि त्यांनाही.

त्या दिवसांत एकदा सकाळी पेज पिताना ते एकदम थांबले. वाटीकडे बघत म्हणाले, "आज उलीसं खारट लागलं मला." पुन्हा एक घोट घेतला. "व्हय. लागून राह्यलं. बिलकुल खारट."

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी वाटी पुसून रिकामी केली, जी कित्येक दिवसांत केली नव्हती. मी वाटी घेऊन आत गेले तर आत्याबाई मिठाच्या बरणीवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मीठ टाकायचं राह्यलं आज," त्या हळूच म्हणाल्या.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हे आम्ही कुणालाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेजेत मीठ होतं, पण मामा खारट लागलं असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत. हरभऱ्याला फूल यायच्या आधीच ते गेले.

आता मी सगळं खाते. शाळेत मधल्या सुटीत मीच सगळ्यांचे डबे उघडते. माहेरी गेले की आईचा अजून विश्वास बसत नाही, ती चोरून बघत असते मी पालक टाकते का. मुलांचे पालक मला विचारतात, मॅडम, आमचा काहीच खात नाही, काय करावं? मी त्यांना काहीतरी सांगते. खरं उत्तर सांगता येत नाही. तुमच्या मुलाला असं एक माणूस गाठून द्या, ज्याला त्याच्या घासाची गरज आहे, हे पालकसभेत कसं सांगणार?

फक्त आंब मी चाखली नाही. थंडीत शेतात गेलो की सगळे हरभऱ्याचे हिरवे डहाळे उपटून कच्चेच खातात, बोटं चाटतात, ओठ चुरचुरले की हसतात. मी बांधावर बसून राहते. नवरा म्हणतो, "नखऱ्याला तेवढं एकच ठेवलंस वाटतं." मी म्हणते, हो. एकदा जिभेला लागली की ती चव नवी राहणार नाही, आणि नवी असताना ज्यांना सांगायची ते नाहीत. म्हणून ती शिल्लक ठेवली होती. मला मामांची आठवण येते ती फोटोकडे बघून नाही, जेवताना येते. दिवसातून दोनदा येते.

पण गेल्या वर्षी एका लग्नात मला धक्का बसला. येसराची आमटी वाढली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, कशी झालीय हो? मी ओरपता ओरपता म्हणाले, "चांगली झालीय."

वाटी तशीच हातात राहिली. मी पुन्हा एक घोट घेतला आणि शोधायला लागले. धूर कुठे, भाजलेल्या डाळीचा खमंगपणा कुठे, तिखट कुठे बसतं. काही सापडेना. नुसती आमटी होती, रोजच्यावानी. सगळं खायला शिकले आणि माझ्या जिभेला सवय झाली. मामा ओट्यावर असते तर आता त्यांनी मला विचारलंच नसतं. दुसरं कुणीतरी न खाणारं शोधलं असतं. घरी येताना बसमध्ये मला हुंदका आवरला नाही.

आत्याबाईंना मी हे सांगितलं नव्हतं. या हिवाळ्यात, शाळेला सुटी होती त्या दिवशी सकाळी, त्या मला म्हणाल्या, "शेतात चल." इतक्या थंडीत कामून, असं विचारलं तर म्हणाल्या, "चल जल्दी. ऊन चढायच्या आत."

हरभरा गुडघ्याला लागत होता, निळी-गुलाबी फुलं धरली होती. बांधाजवळच्या ओळींवर पांढरं काहीतरी पसरलेलं दिसलं. मामांचं जुनं धोतर. आदल्या संध्याकाळी त्या नातलगाच्या गाडीवर बसून येऊन ते टाकून गेल्या होत्या. आता त्यांनी ते एका कडेनं गोळा केलं, पदरातून स्टीलची वाटी काढून माझ्या हातात दिली आणि वर पिळायला लागल्या. हात भेगाळलेले, आंब झोंबत असणार, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही. वाटीच्या तळाशी मळकट, पिवळसर पाणी जमलं.

"मला नको, आत्याबाई," मी म्हणाले. "सांगायचं कुणाला?"

त्या धोतर झटकत होत्या. माझ्याकडे न बघता बोलल्या. "तू त्येन्ला सांगायचीस ना, ते म्या चुलीपाशी बसून ऐकायचे. भाकरी करपायची माझी. इतकी वरसं रांधलं पोरी, पण चांगलं हाय, ह्याबिगर काही कानावर आलं न्हाई. त्येन्ला समदं कळायचं, पण ते गावाच्या पंगतीचं सांगायचे, माझ्या भाजीचं कवा बोलले न्हाईत. वांगं गोड लागतं, हे तू म्हणलीस तवा मला कळलं, माझ्या हाताचं काय लागतं ते. ते गेले अन् तूबी चांगलं हाय म्हणायला लागलीस."

ओट्यावर आम्ही दोघं बोलायचो असं मी इतकी वर्षं समजत होते. आतमध्ये तिसरं माणूस हातातलं काम थांबवून ऐकत होतं, आणि ताटातलं सगळं त्याच माणसानं रांधलेलं होतं.

"ही कशी लागते ते ठावं असेल ना तुम्हाला?" मी कशीबशी म्हणाले.

"लहानपणी चाखलेली. मंग सासरी आल्यावर नुसती पिळली, दुसऱ्याला दिली." त्यांनी धोतराची घडी काखेत धरली. "उलीसं घे. अन् सांग."

मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. जीभ आत ओढली गेली. कान गरम झाले. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. त्या भीतीची मला इतकी आठवण येत असेल, हे मला माहीत नव्हतं.

"खारट," मी म्हणाले. "आधी खारटच लागतं. मग आंबट, पण चिंचेचं नाही, कैरीचंही नाही. पानाचं आंबट. हिरवं. ओठाला चावतंय. आणि..."

मी वाटीकडे बघत उभी राहिले.

आत्याबाई एक पाऊल जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मंग?"